फोन झोपतो तेव्हा

दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. नवी मुंबईत एका कंपनीत मी टेस्टर आहे. पोरं प्रोग्राम लिहितात, आणि तो कुठे मोडतो ते शोधून मी त्यांच्या पुढ्यात टाकते. या धंद्यात माणूस गोड राहत नाही. आई म्हणते, मी आधीपासूनच अशी, कंपनीने फक्त पगार सुरू केला.

आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या आत. बाबा आमच्या होडीचे तांडेल. म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला सुकाणू त्यांच्या हातात आणि होडीवर शब्दही त्यांचाच. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच होडीवर पुढच्या टोकाला, नाळेशी उभा असतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा भर आहे, ओहोटीला त्यावरून होडी आत येत नाही. मासळी घेऊन परतलेल्या होड्या बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघतात आणि पाणी चढलं की सगळ्या एकदम आत घुसतात. धक्का लहान. आधी लागला त्याची मासळी कडक उतरते. मागे राहिला त्याच्या बर्फाचं पाणी होतं आणि व्यापारी नाक मुरडतात. यावरून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिव्या, मारामाऱ्या आणि सोयरिकी मोडणं चालत आलंय. शेवटी मच्छीमारांच्या सोसायटीने नियम केला की खाडीच्या तोंडाशी जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी. आता आधी कोण पोचलं ते ठरवणार कोण? माणसावर कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून फोनवर टाकला.

पनवेलच्या एका माणसाकडून सोसायटीने अ‍ॅप करून घेतलं. प्रत्येक तांडेलाच्या फोनवर ते टाकलं. नांगर पडला की तांडेलाने बटण दाबायचं. बाहेर रेंज नसते, म्हणून फोन ती नोंद स्वतःजवळ ठेवतो. होडी वळणावरून आत आली की रेंज येते, फोन सोसायटीच्या कॉम्प्युटरला नोंद पाठवतो आणि धक्क्यावरच्या भोंग्यातून नंबर पुकारले जातात. पहिल्याच महिन्यात दोघा-तिघांनी फोनचं घड्याळ मागे करून बटण दाबलं आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसले. मला यात नवल वाटलं नाही, मी गावाला ओळखते. पनवेलवाल्याने मग काहीतरी दुरुस्ती केली आणि ती चलाखी बंद झाली. चेअरमननी मशीनला हार घातला. खोटं बोलत नाही, कॉम्प्युटरच्या पडद्याला खरोखर झेंडूचा हार होता.

त्यानंतर बाबा मागे पडायला लागले.

एखाद्या वेळी नाही. दर खेपेला. शेवटचा नंबर, नाहीतर शेवटून दुसरा. ज्या माणसाला वाऱ्याचा वास घेऊन घरी परतायची सवय, तो सगळ्यांच्या मागून पोचतो असं मशीन सांगायला लागलं. खलाशी कुरकुरले, कारण मासळी मऊ पडली की त्यांचाही वाटा मऊ पडतो. चेअरमन चहाच्या टपरीवर म्हणाले, तांडेल आता थकले, सुकाणूवर डुलकी काढतात. आमच्याकडे बोललेलं वाक्य वाऱ्याआधी घरोघर पोचतं. मी दादाला फोन केला तर तो म्हणाला, "बाबांचा आता काय खरा न्हाय. वेळेवर बटन दाबायचा पन सुचत नसंल त्यांना." मला राग आला, पण कोणावर काढावा ते कळेना.

मग एक दिवस आईचा फोन आला. बाबांनी स्वतःहून सुकाणू दादाच्या हातात दिलं होतं आणि ते घरी बसले होते. अ‍ॅप दादाच्या फोनवर घातलं. आणि दुसऱ्याच खेपेपासून आमच्या होडीचा नंबर पहिल्या तिनांत येऊ लागला. झालं. गावाला आणखी काय पुरावा हवा होता? म्हातारा उतरला आणि होडी पळायला लागली. आई रडत नव्हती, ती चिडली होती. "ये तू," एवढंच म्हणाली.

मी सुट्टी टाकून गेले. बाबा पडवीत जाळं घेऊन बसले होते आणि फाटलेलं नसलेलं जाळं दुरुस्त करत होते. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगू बाय? मना वाटायचा मी जागा हाय. मना वाटायचा सगल्यांच्या आधी आपून नांगर टाकला. मशीन बोलतंय, तू आता आलास. मंग माजाच डोका फिरला असंल." त्यांनी मान वर केली नाही. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवत होता, आणि तोही कोणा पनवेलवाल्याच्या सांगण्यावरून. मला त्या क्षणी पनवेल शहरच आवडेनासं झालं.

मी सोसायटीत गेले आणि कॉम्प्युटरवरच्या जुन्या नोंदी मागितल्या. चेअरमन खुर्चीत रेलून म्हणाले, "बाय, बापासाठी आलीस ते समजलं. पण मशीनला नातं नसतं." मी म्हटलं, मशीनला अक्कलही नसते, म्हणून तर माझ्यासारख्यांना नोकरी मिळते. त्यांना ते आवडलं नाही, पण नोंदी दाखवल्या.

नोंदींत वेळ नव्हतीच. प्रत्येक होडीपुढे 'इतक्या वेळापूर्वी बटण दाबलं' असा आकडा होता. इतरांचे आकडे तासभराचे, दीड तासाचे. बाबांचा आकडा प्रत्येक खेपेला जेमतेम काही मिनिटांचा. म्हणजे मशीनच्या मते बाबा भरती आल्यावर, आत शिरायच्या तोंडावर बटण दाबत होते. माणूस एखाद्या वेळी विसरेल. पण दर वेळी त्याच मापाने कोणी विसरत नाही. ती मशीनची खोड असते.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, नांगर पडल्यावर तुम्ही फोनचं काय करायचात ते जसंच्या तसं करून दाखवा. त्यांनी जुना फोन आणला. बटण दाबलं. पडदा बंद केला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली आणि ती पिशवी तांदळाच्या डब्यात खुपसून झाकण लावलं. खाऱ्या हवेने याआधी त्यांचे दोन फोन खाल्ले होते, म्हणून ही काळजी. वळणावर आलं की डबा उघडायचा, रेंज बघायची. मी विचारलं, बाकीचे काय करतात? बाबा म्हणाले, "ती पोरा काय, गानी लावतात, पत्ते खेलतात. फोन हातातून सुटंल तर शपथ."

मी पनवेलवाल्याला फोन लावला. हा माणूस पहिल्या वाक्यापासून मला 'मॅडम' म्हणत होता आणि मॅडमला काही कळत नाही हे त्याने गृहीत धरलं होतं.

"मॅडम, आमचा कोड सगळ्या सिस्टिमवर चालतो. एकदाच लिहिलाय. विंडोजवर तोच, अँड्रॉइडवर तोच."

"चालतो ते दिसतंय. वेळ कुठून घेता?"

"आधी घड्याळातून घेत होतो. लोक घड्याळ फिरवायचे. आता स्टॉपवॉच वापरतो. त्याला कोणी हात लावू शकत नाही."

"फोन झोपला की?"

"काय झोपला?"

मी डोळे मिटून घेतले. हे समजावून सांगायला मला कोणी पैसे देत नव्हतं, तरी सांगितलं. कोणत्याही कॉम्प्युटरमध्ये, आणि फोन हाही कॉम्प्युटरच, वेळ विचारायच्या दोन जागा असतात. एक भिंतीवरच्या घड्याळासारखी: किती वाजले ते सांगते, पण कोणीही ते काटे फिरवू शकतं. दुसरी नुसती मोजणी: मशीन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते गुपचूप मोजत राहते. ती कोणाला फिरवता येत नाही. पनवेलवाल्याने ही दुसरी घेतली, इथपर्यंत त्याचं डोकं ठीक चाललं. पण मशीन झोपवलं की ही मोजणी काय करते, याचं उत्तर प्रत्येक यंत्रणेत वेगळं आहे. विंडोजवर ती झोपेतला वेळही धरते. अँड्रॉइडवर तीच, त्याच नावाने मागितलेली मोजणी फोनबरोबर झोपते. पडदा बंद, हात लावलेला नाही, रेंज नाही, की फोन गाढ झोपी जातो, आणि तो झोपला तेवढा वेळ त्याच्या लेखी घडलेलाच नसतो. झोपेसकट मोजणारी जागा अँड्रॉइडमध्येही आहे, पण ती वेगळी मागावी लागते. दोन्ही यंत्रणा आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक त्याची, जो दोघांना एकच प्रश्न विचारतो आणि एकच उत्तर आलं असं समजतो.

"पण मॅडम, टेस्टिंगमध्ये बरोबर येत होतं."

"कशावर टेस्ट केलंत?"

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. आणि फोनवर पण."

"फोन चार्जिंगला लावलेला होता?"

"बघावं लागेल," तो म्हणाला. लावलेलाच असणार. चार्जरला लावलेला आणि याच्या हाताखालचा फोन कशाला झोपतोय? ज्यांनी, आता दादानेही, फोन हातात खेळवत ठेवला त्यांचा फोन जागा राहिला आणि तासभराची मोजणी पूर्ण झाली. ज्यांनी कधीमधी खिशात टाकला ते कधीमधी मागे गेले आणि नशिबाला शिव्या घालून मोकळे झाले. बाबा एकटे असे, की नेमाने फोन जपायचे. म्हणून नेमाने शेवटचे. त्या माणसाने माफी मागितली नाही. "पुढच्या अपडेटमध्ये बघतो," म्हणाला. मी फोन ठेवला आणि शिव्या दिल्या, पण त्या आईला ऐकू गेल्या.

रविवारी सोसायटीची सभा होती. बाबा यायला तयार नव्हते. "कनाला तमाशा करतेस?" असं दोनदा म्हणाले. आईने त्यांच्या हातात धुतलेला सदरा दिला आणि ते मुकाट्याने निघाले. दादा आधीच तिथे होता, नव्या तांडेलाच्या ऐटीत पुढच्या बाकावर.

सभेत बाई म्हणून मी एकटीच. मागून कोणीतरी विचारलंही, बाईमाणसाचं इथे काय काम. मी ऐकलं नाही असं दाखवलं. चेअरमनना म्हटलं, तुमचा फोन द्या. अ‍ॅप त्यांच्या फोनवर होतंच, माझ्या फोनवर मी घालून घेतलं होतं; समुद्रावर असते तशी दोन्ही फोनची रेंज बंद केली. त्यांनी बटण दाबलं. मी माझ्याही फोनवर बटण दाबलं. त्यांच्या फोनचा पडदा बंद केला, तो पिशवीत बांधून सगळ्यांसमोर घरून आणलेल्या तांदळाच्या डब्यात घातला, झाकण लावलं. माझा फोन एका खलाशाच्या हातात दिला आणि सांगितलं, लाव तुला पाहिजे ती गाणी, फक्त आवाज बंद ठेव. मग चेअरमनना म्हटलं, आता तुम्ही बोला.

चेअरमन बोलले. त्यांना एवढंच सांगावं लागतं. धक्क्याचं काँक्रीट, सरकारी योजना, डिझेल, बाहेरच्या ट्रॉलरवाल्यांची दादागिरी, मशीनमुळे गावात आलेली शिस्त. लोक जांभया देत होते. ते दमून खाली बसले तेव्हा मी डबा उघडला आणि दोन्ही फोन सोसायटीच्या वायफायला जोडले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नोंदी आल्या. माझ्या फोनने सांगितलं, बटण तासाभरापूर्वी दाबलं. चेअरमनच्या फोनने सांगितलं, बटण आत्ता, सहा-सात मिनिटांपूर्वी दाबलं.

"म्हणजे चेअरमन," मी म्हटलं, "तुमचं भाषण मशीनच्या मते झालंच नाही."

हशा पिकला. चेअरमन लाल झाले. पडदा दोन-तीनदा जवळ जाऊन बघितला, बोट लावून बघितलं. शेवटी म्हणाले, ठीक आहे, मशीनमध्ये दोष आहे, दुरुस्त होईपर्यंत नंबर बंद ठेवू, तांडेलांची काही चूक नव्हती. बाबांचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण सगळे बाबांकडे बघत होते. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक म्हातारा तांडेल पुटपुटला, "आमी बगायचो ना. आमी यायचो तवा ह्यांची होडी उभीच असायची."

मी वळले. "मग बोललात का नाही?"

त्याने खांदे उडवले. "मशीन बोलत हुता ना."

शेजारचा दुसराही म्हणाला, व्हय, दिसायची उभी. तिसऱ्याने मान हलवली. सगळ्यांनी बघितलं होतं. पहाटेच्या उजेडात नांगर टाकून उभी असलेली होडी काय लपून राहते? पण एक होडी मागे गेली की प्रत्येकाचा नंबर एकाने पुढे सरकत होता, आणि वर मशीनची साक्ष होती, मग कोण कशाला तोंड उघडतो! पनवेलवाल्याच्या अडाणीपणाची मला निदान कीव करता येत होती. या लोकांची येईना. यांच्या पोरींच्या लग्नांत मी पंगती वाढल्या आहेत. मी त्यांना तोंडावर बोलले, काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाबांनी माझा दंड धरला आणि बाहेर काढलं.

घरी आईने पानं वाढली. बाबा, दादा आणि मी जेवायला बसलो. दादा भात कालवत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि सभेतली ती वाक्यं माझ्या डोक्यातून जात नव्हती. ज्यांना दिसलं ते दुसऱ्या होड्यांवर होते. लांबून त्यांना दिसलं होतं. आणि नांगर टाकणारा माणूस तर माझ्यासमोर आमटी ओरपत होता.

"दादा, नांगर तूच टाकायचास ना?"

त्याने वर बघितलं.

"तू टाकायचास. आपण पहिले पोचलोय हे तुला दिसत नव्हतं?"

आईचा हात भातावरच थांबला. दादा म्हणाला, "दिसायचा."

"मग?"

"मग काय मग!" तो एकदम उसळला. "पंचवीस वर्सा नाळेवर उभा हाय मी. माजी पोरा कालेजात गेली, मी अजून ह्यांच्या हाका आयकतो. हे कंदी सोडनार व्हते सुकानू? मशीन बोलला, मी गप रायलो. मी काय खोटा बोललो?"

"मला फोनवर काय सांगितलंस? त्यांना सुचत नसेल म्हणालास!"

तो परत भात कालवायला लागला. मी ताट सरकवलं. मला त्याला मारावंसं वाटत होतं, आणि मी मारलंही असतं, पण बाबा बोलायला लागले. आवाज चढवला नाही. ते दादाकडे बघतही नव्हते, ताटाकडे बघत होते.

"मशीनचा मना राग न्हाय. मशीन दोन वर्साचा, त्याला काय कलतंय? पयल्यांदा भोंग्यातून आपला नंबर शेवटचा आला ना, तवा मी तुज्या तोंडाकडं बगितला. म्हटला, माजा पोर बाजूला हाय, त्यानं नांगर टाकलाय, तो आता बोलंल. तू खाली बगत रायलास. दुसऱ्यांदा बगितला. तिसऱ्यांदा बगितला. मंग मी बोललो, मशीन खोटा बोलंल, चेअरमन खोटा बोलंल, माजा पोर न्हाय बोलनार. म्हंजे मीच झोपत आसनार. म्हनून मी सुकानू सोरला. मशीनसाटी न्हाय सोरला."

दादाने हातातला घास ताटात टाकला. तो उठेल असं मला वाटलं, पण तो उठला नाही, तसाच बसून राहिला. आईने पदर तोंडाला लावला. मी एरवी दुसऱ्याच्या वाक्यात चूक शोधते, पण या वाक्यांत काहीच सापडेना.

बाबांनी ताटातला भात संपवला. पाणी प्यायले. मग दादाला म्हणाले, "सुकानू तुजाच. मना नको आता."

"बाबा, तुम्ही थकलेले नव्हता," मी जवळजवळ ओरडले. "सगळ्या गावासमोर सिद्ध झालंय."

"व्हय बाय," ते म्हणाले. "पन आता मागं बसून त्याच्या पाठीकडं बगवनार न्हाय मना."